वाणिज्यशिक्षण आणि नीतीचा प्रश्न

विद्यापीठांच्या वाणिज्य व व्यवस्थापन अभ्यासक्रमांत ‘व्यवसायनीती’ आणि ‘सामाजिक उत्तरदायित्व’ हे विषय आता रूढ झाले आहेत. व्याख्या पाठ करून त्यांत उत्तीर्ण होता येते, हीच खरी अडचण आहे. भेसळ करू नये, कर चुकवू नये, हे कोणत्या विद्यार्थ्यास ठाऊक नसते? धोका एकाने निर्माण करावयाचा व तो दुसऱ्याने सोसावयाचा, असा व्यवहार हिशेबात ओळखावा कसा, हे मात्र सहसा शिकविले जात नाही.

कावेरीकाठच्या कुंभकोणम् नगरात याचा बोध होतो. बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव यांचे हे जन्मस्थान. येथील सरकारी महाविद्यालय १८५४ चे. १९०४ साली येथे कुंभकोणम् बँक निघाली. तीच आजची सिटी युनियन बँक. पुढे दोनच वर्षांनी मद्रासची आर्बुथनॉट ही नामांकित पेढी बुडाली, हजारो ठेवीदार नागवले गेले आणि पेढीच्या प्रमुखास कारावास घडला. तथापि ठेवीदाराचे नाव निदान खतावणीत तरी असते. त्याची बुडालेली रक्कम मोजता येते.

१६ जुलै २००४ रोजी कुंभकोणम् येथे जे घडले त्याची अशी मोजदाद शक्य नव्हती. एका खाजगी शाळेच्या स्वयंपाकघरातील आग वर्गांवरील शाकारलेल्या छपरापर्यंत पोहोचली. जिना अरुंद होता. ९४ मुले मृत्युमुखी पडली.

वाणिज्याच्या विद्यार्थ्याने अशा शाळेचा जमाखर्च मांडून पाहावा. शाकारलेले छप्पर स्वस्त पडते. दुसऱ्या जिन्यास पैसा लागतो. वर्गात अधिक मुले बसविली की शुल्काची रक्कम वाढते. या सर्व बाबी हिशेबात बचत किंवा उत्पन्न म्हणूनच दिसतात आणि त्यांत खोटे असे काहीच नसते! वाढलेल्या धोक्यासाठी मात्र वहीत रकानाच नाही.

कंपनी कायदा, २०१३ अन्वये मोठ्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावयाची असते. विद्यार्थी यालाच उत्तरदायित्व समजू लागले आहेत. वस्तुतः नफा कसा मिळविला हा प्रश्न त्याच्या विनियोगाआधीचा आहे. शिवाय गल्लीतील लहान शाळेस हे कलम लागूही होत नाही.

२००९ साली सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील अग्निसुरक्षेविषयी देशव्यापी आदेश दिले. २०१४ साली तंजावरच्या न्यायालयाने दहा जणांना दोषी ठरविले. त्यांत शाळाचालकांबरोबर शिक्षणखात्यातील माणसेही होती. २०१७ साली मद्रास उच्च न्यायालयाने त्यांपैकी अनेकांची सुटका केली व संस्थापकाची जन्मठेप कमी केली. हे दोन्ही निकाल वर्गात शेजारी शेजारी ठेवून वाचावेत. त्यानंतर विद्यार्थ्यांस विचारावे: अशाच एका शाळेचे हिशेब तुमच्या हाती आहेत आणि दुसऱ्या जिन्याची रक्कम अंदाजपत्रकातून वगळण्यास चालकांनी सांगितले आहे, तर तुम्ही कोणास आणि कोणत्या शब्दांत लिहाल?