शोभाताईंचा त्रिलोक

दिवाळी आली की आमच्या आदिलाबाद भागात, पैनगंगेच्या अलीकडच्या गोंड गावांतून दंडारी निघते. मोरपिसांचे मुकुट घातलेले गुसाडी नाचतात, पेपरे आणि ढोल वाजू लागतात. त्या ढोलाचा ठोका कानाच्या आधी तळपायाला कळतो. लय ही मुळात जमिनीची गोष्ट आहे, हे मला तिथं उभं राहून उमगलं. म्हणूनच जॅझच्या जागतिक मंचांवर जमिनीवर गुडघे टेकून वाजवणारे त्रिलोक गुर्टू मला परके वाटत नाहीत.

त्रिलोक यांचा जन्म 30 ऑक्टोबर 1951 रोजी मुंबईत झाला. आई म्हणजे ठुमरी गायिका शोभा गुर्टू, बेळगावात 1925 साली जन्मलेल्या भानुमती शिरोडकर. आजी मेनकाबाई शिरोडकर अल्लादिया खाँसाहेबांकडे शिकलेल्या. शोभाताईंना पहिली तालीम आईची, मग भुर्जी खाँसाहेबांची आणि ठुमरी-दादऱ्याची घम्मन खाँसाहेबांकडून. अशा घरात मूल बोलायला लागतं तेव्हाच सम कुठं आली ते त्याला कळत असतं. पुढे त्रिलोक यांनी अब्दुल करीम यांच्याकडे तबला गिरवला. त्याच मुंबईत पाश्चात्त्य संगीताच्या तबकड्याही मिळत होत्या. जॅझ आणि रॉक ऐकता ऐकता त्यांच्या हाती ड्रमही आले.

तबल्याकडून जॅझकडे जाणारी वाट मला ठुमरीतच दिसते. ठुमरी संपत आली की लग्गी सुरू होते. गाणारी मुखडा धरून ठेवते, एकच ओळ पुन्हा पुन्हा घोळवते आणि तबलजी मोकळा सुटतो. एकल तबल्यात हेच काम लेहरा करतो. सारंगी किंवा हार्मोनियम एक छोटी धून आवर्तनामागून आवर्तन वाजवत राहते आणि तिच्या भरवशावर तबला खुलतो. जॅझमध्ये असा भरवसा बासवादक देतो. चार जाड तारांवर तो खर्जातले स्वर एकापाठोपाठ एक मांडत जातो. बाकीचे कितीही लांब भटकले तरी परतायची जागा त्याने राखलेली असते. ज्या मुलाने आईला मुखडा धरून बसलेली पाहिली, त्याला बासचं काम वेगळं समजवावं लागलं नसणार.

सत्तरच्या दशकात ते युरोपात गेले आणि पुढे हॅम्बुर्गला स्थिरावले. ट्रम्पेटवादक डॉन चेरी यांच्यासोबत त्यांनी वाजवलं. ‘ओरेगॉन’ या अमेरिकन चौकडीत कॉलिन वॉलकॉट तबला आणि सतार वाजवत. 1984 साली पूर्व जर्मनीत झालेल्या अपघातात ते गेले. काही काळाने त्यांच्या जागी त्रिलोक आले. तिथे ग्लेन मूर यांचा उभा, माणसाएवढा बास त्यांच्या सोबतीला होता.

मग गिटारवादक जॉन मॅकलॉक्लिन यांच्यासोबत त्रिकूट जमलं. गिटार, बास आणि ताल, एवढंच. नोव्हेंबर 1989 मध्ये लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये त्यांच्या मैफलीचं ध्वनिमुद्रण झालं. बासवर काई एकहार्ट होते. त्या मैफलीत एका जागी वाद्यं बाजूला राहतात आणि मॅकलॉक्लिन व त्रिलोक तोंडाने बोल म्हणत एकमेकांना सवाल-जवाब करतात. त्या रचनेचं नाव ‘मदर टंग्ज’, म्हणजे मातृभाषा.

त्यांची बैठकही नीट पाहण्यासारखी आहे. जॅझचा ड्रमर स्टुलावर बसतो आणि बास ड्रम पायाने वाजवतो. त्रिलोक यांनी ती रीत सोडली. ते जमिनीलगत बसतात. पुढ्यात तबला, भोवती ड्रम, झांजा, घंटा आणि शेजारी पाण्याने भरलेली बादली. वाजती घंटा ते हळूच पाण्यात बुडवतात आणि तिचा स्वर घसरत, वाकत खाली येतो. तारेवर मींड काढावी तशी ते धातूतून मींड काढतात.

रचनाकार म्हणून त्यांचा पहिला अल्बम ‘उस्फ्रेट’ 1988 सालचा. बासवर योनास हेलबॉर्ग, शिवाय डॉन चेरी आणि ‘ओरेगॉन’चे राल्फ टाउनर. एवढ्या दिग्गजांमध्ये गायला त्यांनी कोणाला बोलावलं? आईला. पुढे ‘क्रेझी सेंट्स’मध्ये जो झाविनुल आणि पॅट मेथेनी त्यांच्यासाठी वाजवून गेले. ‘डाउनबीट’ मासिकाच्या समीक्षकांनी त्यांना अनेकदा सर्वोत्तम तालवादकाचा कौल दिला. पण मला सगळ्यात मोठी वाटते ती ही पहिली निवड. जगाला पहिल्यांदा आपलं काही ऐकवायचं होतं, तेव्हा त्यांनी घरचा आवाज पुढे केला.

शोभाताईंना 2002 साली पद्मभूषण मिळालं. 2004 च्या सप्टेंबरात त्या गेल्या. या दिवाळीत एखाद्या निवांत रात्री ‘उस्फ्रेट’ लावा. आधी फक्त बास ऐका, मग फक्त ताल, मग शोभाताई. तिसऱ्या वेळी कळेल की मुखडा अजून त्यांनीच धरून ठेवलाय आणि म्हणूनच मुलगा इतका मोकळा सुटला आहे.