सकारात्मक मानसशास्त्रीय उपक्रम

सकारात्मक मानसशास्त्रीय उपक्रम : माणसाचे गुण, आशा, कृतज्ञता व जीवनातील अर्थपूर्णता ह्यांचे संवर्धन व्हावे, ह्या हेतूने योजिलेल्या कृती. ‘सकारात्मक मानसशास्त्र’ ही संज्ञा अब्राहम मॅस्लो ह्यांनी १९५४ मध्ये वापरली होती. तथापि स्वतंत्र अभ्यासशाखा म्हणून तिला चालना दिली ती मार्टिन सेलिगमन ह्यांनी, १९९८ मध्ये अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनचे अध्यक्ष असताना.

दिवसभरात घडलेल्या तीन चांगल्या गोष्टी रात्री कारणांसह लिहून काढणे, उपकारकर्त्यास कृतज्ञतेचे पत्र लिहून ते स्वतः नेऊन देणे, आपले प्रमुख गुण ओळखून ते नव्या रीतीने वापरणे, हे ह्यांतील प्रमुख उपक्रम होत. सेलिगमन व त्यांचे सहकारी ह्यांच्या २००५ मधील प्रयोगात पहिल्या व तिसऱ्या उपक्रमांचा लाभ सहा महिने टिकला. पत्राचा लाभ आरंभी सर्वाधिक असला, तरी तो महिन्याभराने ओसरू लागला. हे उपक्रम सोपे, अल्पखर्ची व कोणासही करता येण्याजोगे आहेत. नंतरच्या पुनर्विश्लेषणांत मात्र त्यांचा परिणाम आरंभी वाटला त्याहून बराच कमी आढळला.

उपक्रम व्यक्तीच्या स्थितीशी जुळणारा नसेल, तर तो अपायकारकही ठरू शकतो. जोॲन वुड ह्यांच्या २००९ मधील प्रयोगात स्वतःविषयीचे प्रशंसावाक्य मनाशी घोकल्याने आत्मसन्मान कमी असलेल्यांची मनःस्थिती सुधारण्याऐवजी खालावली. शिवाय ज्या समाजात उपकाराची जाणीव ऋणाच्या ओझ्याशी निगडित असते, तेथे कृतज्ञतेतून संकोचही उत्पन्न होऊ शकतो.

तीव्र नैराश्यात हे उपक्रम उपचारांची जागा घेऊ शकत नाहीत. गोव्यातील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत ४९५ नैराश्यग्रस्तांवर झालेला प्रयोग (२०१७ मध्ये प्रसिद्ध) ह्या दृष्टीने उद्बोधक आहे. त्यात डॉक्टर नसलेल्या, परंतु प्रशिक्षित समुपदेशकांनी सहा ते आठ भेटींत रुग्णांना दैनंदिन कामांकडे व आनंददायक कृतींकडे क्रमाक्रमाने परत वळविले. तीन महिन्यांनी त्यांपैकी ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते. केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. कृती साध्याच होत्या. पण त्यांमागे निदान, नियमित भेटी व देखरेख होती.

दुःखाचे मूळ परिस्थितीत असते, तेथे ही मर्यादा अधिक स्पष्ट होते. नापिकी व कर्ज ह्यांनी गांजलेल्या विदर्भातील शेतकऱ्यास केवळ आशावादी होण्याचा उपदेश केल्यास दुःखाचा दोष त्याच्याच माथी येतो. मनोधैर्य त्यास उपयोगी पडेल. परंतु ते कर्जनिवारणाचा पर्याय नव्हे. सारांश, हे उपक्रम पूरक म्हणूनच इष्ट ठरतात.