डॉक्टरांनो, फोनवरचा 'कौन्सिलवाला' ओळखा

दोन संस्था, दोन कामे. इंडियन मेडिकल असोसिएशन (आयएमए) ही डॉक्टरांची ऐच्छिक संघटना, स्थापना १९२८. नांदेड, लातूरला तिच्या शाखा आहेत. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल मात्र १९६५ च्या कायद्याखालची वैधानिक संस्था. वैद्यकीय नोंदणी देणे, दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करणे, ती निलंबित करणे हे अधिकार कौन्सिलचे, संघटनेचे नव्हेत. फोनवरचा तोतया नेमका हाच फरक पुसतो.

नेहमीच्या बतावण्या

- 'नोंदणी संपली, आजच शुल्क भरा.' सोबत लिंक.
- शाखेच्या पदाधिकाऱ्याचा फोटो लावलेल्या अनोळखी व्हॉट्सअ‍ॅप क्रमांकावरून उसने पैसे मागणे.
- 'लष्करी अधिकारी बोलतोय, जवानांची तपासणी करायची आहे.' आगाऊ फी देतो म्हणून क्यूआर कोड येतो. डॉक्टर तो स्कॅन करून पिन टाकतात आणि त्यांच्याच खात्यातून रक्कम जाते. यूपीआयमध्ये पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही.
- 'डिजिटल अरेस्ट', म्हणजे व्हिडिओ कॉलवर पोलीस असल्याचे भासवून 'अटक' केल्याची धमकी: अशी अटक भारतीय कायद्यात नाहीच.

कायदा. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू. तोतयेगिरीने फसवणूक: कलम ३१९, पाच वर्षांपर्यंत कैद. लोकसेवक असल्याची बतावणी: कलम २०४. संगणक वा मोबाइलद्वारे तोतयेगिरी: माहिती तंत्रज्ञान कायदा, कलम ६६ड, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड.

पैसे गेले तर आधी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, १९३० वर, फोन, मग बँक, मग सायबर पोलीस. व्यवहार क्रमांक हाताशी ठेवा, चॅट पुसू नका. रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधी तक्रार पोहोचली, तर रक्कम गोठवली जाण्याची शक्यता वाढते.