विमानतळावरचे पुसट आकडे

विमान आकाशात असेपर्यंत आपला जीव टांगणीला लागलेला असतो. चाके जमिनीला टेकली की आपण निर्धास्त होतो. पण विमानाचा जमिनीवरचा प्रवासही जोखमीचाच असतो, हे आपल्या सहसा ध्यानात येत नाही.

धावपट्टीकडे नेणाऱ्या रस्त्यांना टॅक्सीवे म्हणतात. त्यांवर पिवळ्या रेघा असतात, धावपट्टीवर पांढऱ्या. काळ्या पाटीवरचे पिवळे अक्षर म्हणजे तुम्ही आत्ता कोणत्या रस्त्यावर आहात ते. लाल पाटीवर पांढरे आकडे दिसले की समजावे, पुढे धावपट्टी आहे, परवानगीशिवाय पाऊल नाही. ही खुणांची भाषा जगभर एकच, त्यामुळे मुंबईचा वैमानिक जेद्दाहलाही अडत नाही. धावपट्टीचा आकडा होकायंत्रावरून ठरतो. मुंबईची ०९ क्रमांकाची धावपट्टी साधारण ९० अंशांवर, म्हणजे पूर्वेकडे तोंड करून आहे. जवळच्या जुहू विमानतळाचीही धावपट्टी जवळपास त्याच दिशेची, क्रमांक ०८. या साधर्म्याने १९५३ मध्ये बी.ओ.ए.सी.चे कॉमेट आणि १९७२ मध्ये जपान एअरलाइन्सचे डीसी-८ सांताक्रूझ समजून जुहूलाच उतरले. दुसरे विमान धावपट्टी संपून पुढे गेले आणि निकामी झाले, पण कोणी दगावले नाही.

इटलीतल्या मिलान शहराच्या लिनाते विमानतळावर मात्र तसे झाले नाही. ८ ऑक्टोबर २००१ ची सकाळ. धुके इतके दाट की दोनशे मीटरपलीकडचे दिसत नव्हते. एका छोट्या सेसना विमानाला आर-५ या रस्त्याने, धावपट्टीला वळसा घालून जायला सांगितले होते. एका जागी पिवळ्या रेघेला दोन फाटे फुटत होते, डावा आर-५ ला आणि उजवा आर-६ ला. रंगवलेल्या खुणा झिजलेल्या होत्या, पाट्याही नियमाप्रमाणे नव्हत्या. विमान उजवीकडे वळले. आर-६ थेट मुख्य धावपट्टीला आडवा जातो.

वाटेत वैमानिकाला जमिनीवर ‘एस-४’ अशी खूण दिसली आणि त्याने ती नियंत्रकाला कळवलीही. चूक तिथेच पकडली जायला हवी होती. पण ही खूण अधिकृत नकाशात नव्हती आणि नियंत्रकाला ती ठाऊकच नव्हती. विमान आर-५ वर आहे असे धरून त्याने पुढे जायला सांगितले. आम्ही शिक्षक मंडळी मुलांना नकाशा शिकवताना पहिल्यांदा हेच सांगतो की, कागद आणि जमीन जुळली पाहिजे. इथे ती जुळत नव्हती, आणि ते कोणी तपासलेही नव्हते.

धुक्यात विमाने दाखवणारे जमिनीवरचे रडार बंद होते. जुने काढले होते, नवे बसले नव्हते. कोणी धावपट्टीवर घुसले तर इशारा देणारी यंत्रणाही बंद करून ठेवलेली. कोपनहेगनला निघालेले स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सचे एमडी-८७ वेग घेत आले आणि सेसनाला धडकले. क्षणभर उचलले गेले, मग सामानाच्या इमारतीवर आदळले. मोठ्या विमानातले ११०, सेसनातले ४ आणि त्या इमारतीत काम करणारे ४, असे ११८ जण गेले.

वैमानिक चुकीच्या रस्त्याला लागला, हे खरेच. इतक्या कमी दृश्यतेत विमान चालवण्याची पात्रताही सेसनाच्या चालकांकडे नव्हती. पण सारा ठपका मेलेल्यांवर ठेवून मोकळे होणे आम्हाला पटत नाही, आणि इटलीच्या चौकशीनेही तसे केले नाही. झिजलेल्या खुणा, अपुऱ्या पाट्या आणि नसलेले रडार यांची तिने नोंद घेतली. विमानतळाच्या आणि हवाई नियंत्रणाच्या अधिकाऱ्यांवर खटले चालले, शिक्षाही झाल्या. मिलानच्या एका बागेत मृतांच्या स्मरणार्थ बीच जातीची ११८ झाडे लावली आहेत. लिनातेला जमिनीवरचे नवे रडार बसले, पण ते अपघातानंतर.