देणेकऱ्याचा माग

डावीकडे नाव, उजवीकडे आडनाव आणि मधे एक वाकडी फुली. नावाची अक्षरं इंग्रज कारकुनाची, सराईत आणि घाईतली. फुली काढणाऱ्याने मात्र टाक इतका दाबला होता की छायाप्रतीतही शाई फुटलेली दिसत होती. "हा आमचा अमेरिकेतला पहिला माणूस," आमचे शेजारी म्हणाले. फिलाडेल्फिया, १७५२ चा शरद ऋतू, ब्रिटिश राजाशी एकनिष्ठ राहण्याची शपथ. ते त्या कागदाकडे अभिमानाने पाहत होते आणि मी फुलीकडे. ज्याला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं तो पावणेतीनशे वर्षांनी सापडतो तरी कसा, हे मला बघायचं होतं. म्हणून त्यांच्याबरोबर जाऊ लागले.

आडनाव छापायचं नाही, ही शेजाऱ्यांची अट. मी त्याला योहान म्हणेन. त्यात काही फुटत नाही, कारण त्या काळी जर्मन गावांत बाप्तिस्म्याच्या वेळी बहुतेक मुलग्यांना योहान लावतच. हाक मारायचं नाव त्याच्यापुढे येई. एकाच घरात तीन भाऊ योहान असायचे.

आग्नेय पेनसिल्व्हेनियातल्या एका जिल्ह्याच्या इतिहास संस्थेचं वाचनालय तळघरात आहे. दार उघडलं की आधी व्हिनेगरचा वास येतो. पहिल्यांदा मला वाटलं, कुणीतरी डबा खात बसलंय. जुन्या मायक्रोफिल्मचं अ‍ॅसिटेट नासायला लागलं की हा वास सुटतो, आणि एका रिळाची बाधा शेजारच्या रिळांनाही होते. घरी आल्यावर ओढणीलाही तो येत असे. का कोण जाणे, मला तो आवडायला लागला.

तिथे एक बाई विनावेतन काम करतात. वय ऐंशीच्या आसपास. जुनी जर्मन लिपी त्या वर्तमानपत्र वाचावं तशी वाचतात. त्या लिपीत 'ई' आणि 'एन' ही अक्षरं जुळी असल्यासारखी दिसतात, 'यू' ओळखायचा तो डोक्यावरच्या वाकड्या रेघेवरून. शेजारी पहिल्या दिवशी उत्साहाने शूर स्थलांतरितांबद्दल बोलू लागले. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "छत्तीस." शेजारी थांबले. "हाइलब्रॉनहून हॉलंडला पोचेपर्यंत छत्तीस जकात नाके. प्रत्येक नाक्यावर होडी थांबायची, अधिकाऱ्याला वेळ होईल तेव्हा तपासणी. तोवर खायचं स्वतःच्या पैशाने."

हा आकडा गॉटलिप मिटेलबर्गरचा. हा माणूस १७५० मध्ये हाइलब्रॉनहून एक ऑर्गन घेऊन पेनसिल्व्हेनियाला गेला, चार वर्षांनी परतला आणि १७५६ मध्ये प्रवासवर्णन छापलं. लोकांनी तिकडे जाऊ नये म्हणूनच ते लिहिलेलं आहे, त्यामुळे त्याच्या वर्णनातला अंधार थोडा पातळ करून घ्यावा लागतो. पण नाके मोजताना खोटं बोलून त्याला काय मिळणार होतं? नदीवरच चार ते सहा आठवडे जात, असं तो सांगतो. रॉटरडॅमला पोचेपर्यंत शेत विकून आणलेले पैसे संपत. पुढचं जहाजभाडं माणशी १० पौंड किंवा ६० फ्लोरिन. पाच ते दहा वर्षांच्या मुलाला अर्धं, त्याहून लहानाला फुकट. ते नसेल तर उधारीवर चढायचं आणि पोचल्यावर स्वतःला विकून फेडायचं. शेजारी याला "भाड्याची सोय" म्हणतात. बाई "विक्री" म्हणतात. मी बाईंच्या बाजूची आहे.

विक्री जहाजावरच होई. शपथेला नेलेले पुरुष परत डेकवर येत. ज्यांचं भाडं चुकतं झालेलं असे ते उतरत, बाकीच्यांसाठी गिऱ्हाईक येई. मिटेलबर्गरच्या म्हणण्याप्रमाणे मोठ्यांची बोली तीन ते सहा वर्षांची. दहा-पंधरा वर्षांची मुलं एकविसाव्या वर्षापर्यंत बांधली जात. निम्म्याहून जास्त प्रवास झाल्यावर नवरा किंवा बायको मेली, तर मागे राहिलेल्याने दोघांचं भाडं फेडायचं. शेजारी एकदा म्हणाले, म्हणजे आमचेही गुलामच होते की. बाईंनी चष्मा काढला. "तुमच्या योहानची मुदत संपली. मुदत संपल्यावर कपड्यांचे दोन जोड मिळायची पद्धत होती, त्यातला एक नवा. वरच्या मजल्यावर जी मंडळी त्यांचे आफ्रिकन पूर्वज शोधतात, त्यांना १८७० च्या जनगणनेमागे बहुतेक नावंच मिळत नाहीत." हा विषय पुन्हा निघाला नाही.

योहानची फुली ज्या यादीत आहे ती मुळात कशासाठी, तेही बघण्यासारखं आहे. जर्मन फार यायला लागले म्हणून पेनसिल्व्हेनियातल्या इंग्रज अधिकाऱ्यांना धास्ती पडली, आणि सप्टेंबर १७२७ पासून सोळा वर्षांवरच्या पुरुषांकडून शपथा घ्यायला सुरुवात झाली. एक यादी कप्तानाची, दोन शपथांच्या. स्ट्रासबर्गर आणि हिंके यांनी १९३४ मध्ये त्या तीन खंडांत छापल्या. दुसऱ्या खंडात सह्यांच्या आणि खुणांच्या प्रतिकृती आहेत. योहानची फुली तिथलीच. बरं, १७५२ म्हणजे इंग्रजांनी पंचांग बदललं ते वर्ष. सप्टेंबर १९ दिवसांचाच होता, दोन तारखेनंतर थेट चौदा. प्रवास किती दिवसांचा झाला हे काढायला शेजाऱ्यांनी एक अख्खी दुपार घालवली.

हळूहळू माझ्या एक गोष्ट ध्यानात आली. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीत वंशज आपण होऊन नाव लिहून येतो. योहानचं नाव मात्र जिथे जिथे आहे, तिथे ते कुणीतरी काहीतरी वसूल करायचं म्हणून लिहिलेलं आहे. त्याचं गाव नैर्ऋत्य जर्मनीतल्या क्राइखगाउमधलं. तिथे तो जमीनदाराचा बांधील होता. सुटका विकत घ्यावी लागली आणि बाहेर नेलेल्या मालमत्तेतला हिस्साही द्यावा लागला, म्हणून दप्तरात नोंद. मग कप्तानाची यादी. मग जमिनीचा अर्ज, कराची यादी. इतरांचंही तेच: न्यूयॉर्कचा गव्हर्नर रॉबर्ट हंटर याने १७१० मध्ये आलेल्या जर्मनांना दिलेल्या शिध्याचा हिशेब ठेवला, तो लंडनकडून खर्च मागायचा म्हणून. त्यांच्याकडून आरमारासाठी डांबर बनवून घेण्याची योजना फसली, हंटरला पैसेही पुरते मिळाले नाहीत, पण त्या यादीवर आज शेकडो घराणी आपलं मूळ शोधतात. उदात्त हेतूने लिहिलेला एकही कागद मला त्या तळघरात दिसला नाही, पाद्र्यांची पुस्तकं सोडली तर.

आणि ती सोडताच येत नाहीत, कारण योहानची बायको फक्त तिथेच आहे. तिच्या नावावर शेत नाही, कर नाही, शपथ नाही. मुलांच्या बाप्तिस्म्यात आईचं पहिलं नाव तेवढं येतं. माहेरचं आडनाव कुठून काढायचं? शेजारी हात टेकून बसले होते. बाई म्हणाल्या, "आई सोडा. साक्षीदार वाचा." प्रत्येक बाप्तिस्म्याला धर्मपिता-धर्ममाता उभे राहतात, आणि ते सहसा नात्यातले किंवा जुन्या गावचे. चार मुलांच्या नोंदींत एक जोडपं दोनदा आलं. बाईंनी काही न बोलता स्ट्रासबर्गर-हिंके उघडला आणि योहानच्या फुलीपासून तीन ओळी वर बोट सरकवलं. तेच नाव. यानेही फुलीच काढलेली. मग क्राइखगाउच्या चर्चचं पुस्तक पडद्यावर आणलं. त्या माणसाला एक धाकटी बहीण होती, तिचं लग्न योहानशी झालेलं, आणि समासात पाद्र्याने लिहून ठेवलं होतं की ही मंडळी पेनसिल्व्हेनियाला गेली.

शेजाऱ्यांनी टेबलावर थाप मारली. पलीकडच्या वाचकाने वळून पाहिलं. माझ्याही अंगावर काटा आला, नाकारत नाही. हँक जोन्स या संशोधकाने न्यूयॉर्कच्या त्याच जर्मन, म्हणजे पॅलेटाइन, घराण्यांची गावं याच मार्गाने लावली, असं बाईंनी सांगितलं: माणूस सापडत नसेल तर त्याचे शेजारी शोधायचे, कारण गावं एकेकटी निघत नाहीत.

योहान १७७४ मध्ये गेला. दोन शेजाऱ्यांनी घरातल्या वस्तूंची मोजदाद करून किमती लावल्या: बिडाची शेगडी, दोन गायी, घोडागाडीतला अर्धा हिस्सा, मधमाश्यांची पोळी, जर्मन बायबल, शेतात उभा असलेला राय. इंग्रजीत, चुकीच्या स्पेलिंगांत. शेजाऱ्यांना ही यादी फारशी भावली नाही. त्यात पराक्रम नाही. मला मात्र सगळ्या कागदांत हाच पुन्हा पुन्हा वाचावासा वाटला. बांधील म्हणून निघालेल्या माणसाची गाय, शेगडी आणि अर्धी गाडी.

क्राइखगाउच्या त्याच चर्चच्या पुस्तकात निघण्याआधीच्या तीन मुलांची नावं आहेत. त्यांतला एक मुलगा पेनसिल्व्हेनियात पुढे दिसतो. धाकटा दिसत नाही. थोरली मुलगी, निघताना नऊ वर्षांची, तीही नाही. मिटेलबर्गर लिहितो, त्याच्या जहाजावर ३२ मुलं मेली. पण नऊ वर्षांची मुलगी जहाजभाड्याच्या कर्जापायी दुसऱ्या घरी बांधली गेली, एकविसाव्या वर्षी सुटली आणि कुठल्याशा आडनावाच्या माणसाशी लग्न करून गेली, हेही तितकंच शक्य आहे. फिलाडेल्फियाच्या महापौर कचेरीतलं करारांचं छापील पुस्तक १७७१ ते १७७३ या दोन वर्षांचंच आहे. तिला वीस वर्षं उशिराचं. राहतं जर्मनटाउनच्या क्रिस्टोफ झाउरचं वर्तमानपत्र. त्यात मालकाकडून पळालेल्या नोकरांच्या जाहिराती असत, तशा जहाजावरून उतरल्यावर वेगळ्या पडलेल्या भावाबहिणींना शोधणाऱ्याही.

शेजाऱ्यांनी वंशवृक्ष छापायला दिला आहे, मोठ्या आकारात, दिवाणखान्यात लावायला. मुलगी त्यात नाही. पुरावा नाही म्हणून, असं ते म्हणतात. बाईंनी सुचवलं होतं की तिच्यासाठी एक चौकट रिकामी ठेवा. मांडणी बिघडते, म्हणाले. आता ते वाचनालयात येत नाहीत. मी जाते. झाउरच्या पत्राची वर्षं मी आणि बाई वाटून वाचतो. जर्मन मला अडखळत येतं, त्यामुळे माझ्या वाट्याला स्वच्छ छापलेली पानं आणि त्यांच्या वाट्याला फाटकी. गेल्या आठवड्यात १७५५ संपलं. हवी ती जाहिरात त्यात नव्हती.