दोघांच्या नौकेचं मोठं शीड

2 ऑक्टोबर 2024 रोजी ‘तारिणी’ गोव्याहून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाली, तेव्हा त्या 56 फुटी नौकेवर नौदलाच्या दोनच अधिकारी होत्या, लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि लेफ्टनंट कमांडर रूपा ए. 29 मे 2025 रोजी त्या परतल्या. दोघींनी नौका चालवली असं आपण म्हणतो खरं, पण एक झोपलेली असते तेव्हा दुसरी डेकवर एकटीच असते. निवृत्तीनंतर 36 ते 40 फुटी नौका घेऊन किनाऱ्याकिनाऱ्याने भटकणाऱ्या जोडप्याचंही तेच. रात्री तीनला वारा वाढला, तर खाली झोपलेल्याला उठवायचं की आपणच शीड आखडायचं? याचं उत्तर मेनसेलची, म्हणजे मुख्य मोठ्या शिडाची, यंत्रणा निवडताना बरंचसं ठरून गेलेलं असतं.

पुढचं शीड, म्हणजे जिब, हल्ली बहुतेक नौकांवर कॉकपिटमध्ये बसून एक दोर ओढला की गुंडाळलं जातं. अडचण मेनसेलची. त्याची पुढची कड डोलकाठीला धरलेली, तळ बूम नावाच्या आडव्या दांड्यावर ताणलेला, आणि 40 फुटी नौकेवर क्षेत्रफळ साधारण 40 चौरस मीटर. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. त्यामुळे 15 नॉटचा वारा 21 वर गेला की शिडावरचा भार जवळजवळ दुप्पट होतो. अशा वेळी शिडाचा खालचा भाग आवळून ते लहान करायचं, यालाच रीफ घेणं म्हणतात. नवखे फसतात ते वारा पाठीमागून असताना. वारा 20 नॉटचा आणि नौका त्याच दिशेने 6 नॉटने चाललेली, तर अंगाला 14 नॉटच लागतात. सगळं निवांत वाटतं. नौका वाऱ्याकडे वळवली की तोच आकडा 24-25 च्या घरात जातो. आणि रीफ घ्यायला बहुधा वळवावीच लागते, कारण वारा मागून असताना शीड डोलकाठीच्या तारांवर दाबून बसलेलं असतं आणि खाली सरकत नाही.

सर्वाधिक वापरातली पद्धत स्लॅब रीफिंगची. शिडाच्या पुढच्या आणि मागच्या कडेला, तळापासून ठरावीक उंचीवर भक्कम कडी बसवलेली असतात. नौका वाऱ्यापासून 50-60 अंशांवर ठेवायची आणि जिब भरलेलं राहू द्यायचं. त्यामुळे ती चालत राहते आणि सुकाणू ऑटोपायलटवर सोडता येतं. मग बूम आवरणारा दोर सैल करून मेनसेलमधला वारा काढून टाकायचा. बूमचं वजन टॉपिंग लिफ्टने, म्हणजे त्याला वरून धरणाऱ्या दोराने, किंवा खालच्या ताठ टेकूने तोललेलं आहे ना, ते बघायचं. नाहीतर ते डोक्यावर येतं. हॅलयार्ड, म्हणजे शीड वर चढवणारा दोर, आधीच करून ठेवलेल्या खुणेपर्यंत सोडायचा. पुढचं कडं डोलकाठीपाशी अडकवायचं, हॅलयार्ड पुन्हा ताणायचा आणि त्यानंतरच मागच्या कड्यातला दोर विंचवर ओढून शिडाचा मागचा कोपरा बूमवर घट्ट बसवायचा. हा क्रम मोडला की शिडाला भलत्याच जागी ताण बसतो आणि ते फाटायलाही वेळ लागत नाही. सवयीचा हात हे सगळं काही मिनिटांत उरकतो.

खरा वाद आहे तो उभं कुठे राहायचं याचा. पुढचं कडं हाताने अडकवायचं तर कॉकपिट सोडून, हार्नेस लावून, हलत्या डेकवरून डोलकाठीपर्यंत जावं लागतं. ते टाळण्यासाठी दोर कॉकपिटपर्यंत आणतात. त्यात एकदोरी पद्धतीत एकच दोर शिडाच्या दोन्ही कोपऱ्यांतून फिरतो. बंदरात बांधलेल्या नौकेवर तो फार सुबक दिसतो. पण प्रत्येक वळणावर घर्षण वाढतं, दोर लांबलचक होतो, आणि पुढचा कोपरा बसला तरी मागचा अर्धवटच राहतो, असं होऊ शकतं. दुदोरी पद्धतीत दोन कोपऱ्यांना दोन स्वतंत्र दोर. तीन रीफ असतील तर सहा दोर होतात, कॉकपिटमध्ये गुंता होतो, हे खरं. तरीही लांबच्या प्रवासाला मी दुदोरीच निवडेन. कोणता कोपरा अडला ते ताबडतोब कळतं आणि तेवढाच सोडवता येतो.

पण दोर कुठेही नेले, तरी हॅलयार्ड सोडल्यावर शीड आपल्या वजनाने खाली येतं का, हे आधी पाहायला हवं. पूर्ण रुंदीच्या आडव्या पट्ट्या, म्हणजे बॅटन, शिडाचा आकार टिकवतात आणि त्याची फडफड कमी करतात. मात्र त्या डोलकाठीला रेटा देतात आणि साध्या सरकपट्ट्या तिथे अडकतात. त्यावर उपाय म्हणजे बॉलबेअरिंगच्या गाड्या किंवा गुळगुळीत प्लास्टिकचा ट्रॅक. पैसे मोजके असतील तर ते आधी इथे घालावेत, विजेवरच्या विंचवर नंतर. बूमच्या दोन्ही बाजूंना लेझीजॅकच्या दोऱ्या आणि त्यांत टांगलेली चेनची पिशवी असली की उतरलेलं शीड डेकभर पसरत नाही. चढवताना मात्र बॅटनची टोकं त्याच दोऱ्यांत अडकतात. म्हणून त्या सैल करून पुढे ओढून ठेवता याव्यात.

आता दुसरं घराणं, गुंडाळण्याचं. डोलकाठीच्या पोकळीत उभा रूळ बसवतात आणि शीड त्याच्याभोवती गुंडाळलं जातं. अमेरिकन शीडनिर्माते टेड हूड यांनी ही पद्धत क्रूझिंगच्या नौकांमध्ये रुजवली. कॉकपिटमधून हवं तेवढंच शीड बाहेर काढता येतं, उरलेलं आत ठेवता येतं. गुडघे कुरकुरणाऱ्या माणसाला ही केवढी सोय आहे, हे डेकवर सहज उड्या मारणाऱ्यांनी हसण्यावारी नेऊ नये. मोबदला असा, की आडव्या बॅटन चालत नाहीत, म्हणून मागची कड आत कापावी लागते आणि क्षेत्रफळ घटतं. रूळ आणि गुंडाळलेलं शीड यांचं वजन उंचावर राहतं. रीफ घेतल्यावरही ते खाली येत नाही, त्यामुळे नौका जास्त कलते. मुख्य धोका अडकण्याचा. शीड जुनं होऊन पोटात झोळ आला, किंवा आत घेताना मागच्या कोपऱ्यावर ताण ठेवला नाही, तर फटीत घडी बसते. अर्धं बाहेर अडकलेलं शीड ना गुंडाळता येतं, ना खाली उतरवता येतं, आणि तेही नेमकं वारा वाढत असताना. नियमित देखभाल करणारे मालक याला अपवादात्मक प्रसंग म्हणतात. त्यांचं खोटं नाही. पण या यंत्रणेत दुसरी वाट नाही, हेही तितकंच खरं.

बूमच्या आत गुंडाळणाऱ्या पद्धतीत दुसरी वाट राहते. रूळ बिघडला तर हॅलयार्ड सोडून शीड नेहमीसारखं खाली घेता येतं. आडव्या बॅटनही चालतात. परंतु बूम आणि डोलकाठी यांतला कोन काटकोनाहून जरासा कमी, आणि दर वेळी तोच, ठेवावा लागतो. तो चुकला की तिरक्या गुंडाळलेल्या चटईसारखी शिडाची सुरळी एका बाजूला सरकत जाते. शिवाय बूम जड आणि किंमत भरमसाट.

एकट्याने कॉकपिट न सोडता शीड आखडायची कल्पना या सगळ्या यंत्रांहून जुनी आहे. 1960 च्या पहिल्या एकल अटलांटिक शर्यतीत ब्लाँडी हॅस्लर यांनी 25 फुटी ‘जेस्टर’वर चिनी जंक पद्धतीचं शीड लावलं होतं. हॅलयार्ड सोडला की बांबूच्या चिकासारखं ते पट्टी-पट्टीने खाली बसायचं, पुढे जायची गरजच नव्हती. ते 48 दिवसांत न्यूयॉर्कला पोचले, दुसरे आले. दुसरी तोड म्हणजे शीडच वाटून टाकणं. मुंबईत सागवानात बांधलेली, ब्रिटिश दर्यावर्दी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची 32 फुटी ‘सुहेली’ केच होती, दोन डोलकाठ्यांची. अशा नौकेवर मेनसेल मुळात लहान असतं, आणि वारा वाढला की ते पूर्ण उतरवून पुढचं जिब आणि मागचं मिझेन यांवरच चालता येतं. जास्तीच्या दोरखंडांची देखभाल मात्र आली.

साधारण 40 फुटांपर्यंत, अंगात बऱ्यापैकी ताकद असलेल्या दोघांना स्लॅब रीफिंग, चांगला ट्रॅक आणि पिशवी पुरते, असं माझं मत. त्याहून मोठ्या नौकेला, किंवा हॅलयार्ड ओढणंच जड जाणाऱ्यांना, गुंडाळण्याचा पर्याय जास्त शहाणपणाचा, कारण कष्ट वाटतात म्हणून रीफ घ्यायला उशीर करणं कुठल्याही यंत्रणेपेक्षा धोक्याचं. आवडलेल्या जुन्या नौकेत डोलकाठीतलं शीड आधीच बसवलेलं असेल, तर डोलकाठी बदलण्याच्या भानगडीत पडू नये. नवं, सपाट कापाचं शीड शिवून घ्यावं आणि रुळाचे बेअरिंग तपासून घ्यावेत. सौदा पक्का करण्याआधी मात्र 15 नॉटच्या वर वारा असलेल्या दिवशी समुद्रात जाऊन, दुसऱ्या माणसाने हात न लावता, शीड अर्धं आत घेऊन पाहावं. धक्क्याला बांधलेल्या नौकेवरच प्रात्यक्षिक दाखवतो, असं मालक म्हणाला, तर वाऱ्याच्या दिवसापर्यंत थांबावं.