मोर्चा आपला, पैसा कुणाचा?

मैत्रिणींनो, ‘परदेशी पैशावर चालणाऱ्या पर्यावरण संस्था’ अशी बातमी पेपरात आली की आपण काय करतो? पान उलटतो आणि राशिभविष्य वाचतो. दिल्लीच्या गोष्टी, आपल्याला काय त्याचं! पण खरं सांगू का, या बातमीशी आपला फार जवळचा संबंध आहे. धरण असो, खाण असो की वीजकेंद्र, मोर्चाच्या फोटोत पुढच्या रांगेत कोण दिसतं? डोक्यावर पदर घेतलेल्या बायाच. निवेदनावर सह्या आणि अंगठे कुणाचे? त्यांचेच.

आमच्या किन्हीराजात बचत गटाची बैठक ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या ओट्यावर भरते. बाहेरून येणाऱ्याला पंधरा-वीस बाया एकदम भेटायच्या तर याहून सोयीची जागा नाही. झाडं लावा सांगणारे, पाणी अडवा सांगणारे, प्रकल्प नको म्हणणारे आणि प्रकल्प पाहिजेच म्हणणारे, सगळे आधी गटाची बैठक कधी आहे तेच विचारतात. मी गटाची हिशेबाची वही लिहिते. दोन रुपयांचा फरक आला तरी वही बंद होत नाही. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि नियमित लेखे ही आपली पंचसूत्री. मग जो आपलं मनुष्यबळ मागतो, त्याला आपण त्याचे लेखे का विचारू नयेत?

आता एक मोठं उदाहरण घेऊ. आपला वाशीम आणि तिकडचा नंदुरबार हे दोन्ही जिल्हे एकाच दिवशी झाले, १ जुलै १९९८ ला. त्या नंदुरबारातली अक्कलकुवा, धडगाव भागातली ३३ गावं सरदार सरोवर धरणाच्या बुडितात आली. मणिबेली हे त्यातलं पहिलं गाव. तिथल्या आदिवासी बायांनी पाणी चढत असतानाही घर सोडायला नकार दिला, ते साऱ्या देशानं पाहिलं. नर्मदा बचाओ आंदोलनाचा आवाज सातासमुद्रापार गेला. अमेरिकेतल्या पर्यावरण संघटनांच्या मदतीनं १९८९ मध्ये मेधा पाटकर यांनी तिथल्या संसदेच्या समितीपुढे बाजू मांडली. जागतिक बँकेनं १९८५ मध्ये या धरणासाठी ४५ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं होतं. दबाव वाढल्यावर बँकेनं स्वतंत्र चौकशी नेमली. १९९२ च्या त्या अहवालात पुनर्वसनावर कडक ताशेरे होते. मार्च १९९३ मध्ये भारत सरकारनं उरलेलं कर्ज घेणार नाही असं कळवून टाकलं. याला म्हणतात राजकीय वजन! निवडणूक न लढवता, एकही आमदार नसताना, डोंगरातल्या माणसांचं म्हणणं थेट वॉशिंग्टनपर्यंत पोचलं.

पण वजन आलं की संशयही मागोमाग येतो. आंदोलनाला परदेशातून पैसा येतो, त्याची चौकशी करा, अशी याचिका सर्वोच्च न्यायालयात झाली. २००७ मध्ये न्यायालयानं ती फेटाळली आणि याचिका करणाऱ्या संस्थेलाच ५ हजार रुपयांचा खर्च भरायला लावला. पुढे २०२२ मध्ये मध्य प्रदेशात बडवानीला मेधाताईंच्या एका ट्रस्टवर पैशाच्या वापराबद्दल गुन्हा नोंदवला गेला. त्यांनी आरोप नाकारले. म्हणजे प्रश्न काही सुटत नाही, पुन्हा पुन्हा येतो. त्याला घोषणेनं उत्तर देता येत नाही, वही दाखवूनच द्यावं लागतं.

मात्र यातली एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. पैसा कुठून आला याची चौकशी वर्षानुवर्षं चालली, तरी मणिबेलीची जमीन बुडाली हे काही खोटं झालं नाही. हे दोन प्रश्न वेगळे आहेत. ‘पैसा कुणाचा?’ हा एक, आणि ‘सांगतात ते खरं आहे का?’ हा दुसरा. आपल्याकडे एकाचं उत्तर देऊन दुसरा दडपला जातो.

आपल्या विदर्भातच पाहा ना. अमरावतीजवळ नांदगावपेठला कोळशावरचं मोठं वीजकेंद्र यायचं ठरलं. अप्पर वर्धा धरणाचं सिंचनाचं पाणी तिकडे वळणार म्हणून शेतकरी रस्त्यावर उतरले. नंतर ग्रीनपीस ही जागतिक नाव असलेली संस्था या विषयात आली. तिनं आयआयटी दिल्लीकडून विदर्भातल्या नद्यांच्या पाण्याचा अभ्यास करून घेतला. जून २०१४ मध्ये गुप्तवार्ता विभागाचा अहवाल बाहेर आला. परदेशी पैशावरच्या आंदोलनांमुळे देशाच्या विकासदरात वर्षाला २ ते ३ टक्के घट होते, असा त्यात दावा होता. ग्रीनपीसचं नाव त्यात ठळक होतं. सप्टेंबर २०१५ मध्ये केंद्रानं तिची परदेशी देणगी घेण्याची नोंदणी रद्द केली. आमच्या पैशातला मोठा वाटा भारतातल्याच साध्या देणगीदारांचा आहे, असं संस्थेचं म्हणणं होतं.

आता सांगा, ग्रीनपीसचा पैसा लंडनचा असो की लातूरचा, धरणातलं पाणी वीजकेंद्राला गेलं तर संत्र्याच्या बागेला किती उरेल, हे गणित बदलतं का? नाही बदलत. पण अभ्यासाचा खर्च कुणी केला हे माहीत असलं, तर तो अहवाल आपण जरा चष्मा पुसून वाचतो. आणि वाचायलाच पाहिजे.

या साऱ्यासाठी कायदा आहे, परकीय योगदान विनियमन कायदा. पहिल्यांदा आला १९७६ मध्ये, नवा झाला २०१० मध्ये. २०२० मध्ये तो आणखी आवळला. परदेशी देणगी आता दिल्लीच्या स्टेट बँकेच्या एकाच मुख्य शाखेतल्या खात्यात यावी लागते. कार्यालयीन खर्च २० टक्क्यांच्या वर नको. आणि मोठ्या संस्थेला तो पैसा दुसऱ्या लहान संस्थेला देता येत नाही. या शेवटच्या अटीचा फटका कुणाला? ज्या खेड्यातल्या संस्था शहरातल्या मोठ्या संस्थेच्या आधारानं चालायच्या, त्यांना.

पण तराजूला दोन पारडी असतात, मैत्रिणींनो. याच कायद्यानं राजकीय पक्षांनाही परदेशी पैसा घ्यायला बंदी आहे. मार्च २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं काँग्रेस आणि भाजप या दोघांनीही वेदांत समूहाशी संबंधित कंपन्यांकडून देणग्या घेऊन हा नियम मोडल्याचं म्हटलं होतं. मग काय झालं? परदेशी कंपनी कुणाला म्हणायचं, याची व्याख्याच २०१६ आणि २०१८ मध्ये मागच्या तारखेपासून बदलली! संस्थेची चूक झाली तर नोंदणी जाते. पक्षाची चूक झाली तर कायदा बदलतो. हे काही बरोबर नाही.

कंपन्यांचंही तसंच. २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना नफ्यातले २ टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात. त्यात झाडं, पाणी, पर्यावरण सगळं बसतं. त्यातून नाले खोल होतात, तळी गाळमुक्त होतात, चांगलीच गोष्ट आहे. पण कंपनीच्या पैशानं झाडं लावणारी संस्था त्याच कंपनीच्या धुराड्याविरुद्ध बोलेल का, हेही विचारायला हवं.

आमच्या भागातल्या एका गावात मागे असाच पेच आला. गावाचं नाव घेत नाही. शिवाराला लागून गिट्टीचं क्रशर होतं. तुरीवर पांढरी धूळ, सुरुंगाचे हादरे, लेकरांना खोकला. एका संस्थेची मंडळी जीप घेऊन आली, छापील निवेदन घेऊन. ‘फक्त सह्या करा, बाकी आम्ही बघतो.’ बाया सह्या करायला बसल्याही. तेवढ्यात मागून एक म्हातारी बोलली, ‘काहो भाऊ, या गाडीत तेल कोण टाकते?’ सगळे हसले. त्या माणसाला मात्र सांगता आलं नाही. दुसऱ्या दिवशी गावात कुजबुज, की यांना दुसऱ्या क्रशरवाल्यानंच पाठवलं. खरंखोटं देव जाणे! निम्म्या बाया म्हणाल्या, ‘मंग आपल्याले या भानगडीत पडाचंच नाही.’

मी त्या दिवशी गटाच्या कामानं तिथं होते. मी एवढंच म्हटलं, ‘बाई, जीप कुणाची ते राहू द्या. तुरीवरची धूळ खरी आहे की नाही?’ धूळ तर खरीच होती. मग बायांनी ते छापील निवेदन घडी घालून परत दिलं. महिला ग्रामसभेत स्वतःच्या शब्दांत ठराव लिहिला, सह्या केल्या आणि तो तहसीलला नेऊन दिला. क्रशर लगेच बंद झालं नाही. पण रस्त्यावर पाणी मारायला आणि ताडपत्री बांधायला सुरुवात झाली. आणि कुणाच्या पैशावर बोलता, असं त्यांना कुणी विचारू शकलं नाही. कारण तहसीलला जायचं तिकीट प्रत्येकीनं स्वतः काढलं होतं.

तेव्हा घाबरून आत बसू नका. भुलून सहीही करू नका. महाराष्ट्रात नोंदलेल्या सार्वजनिक न्यासाला दरवर्षी हिशेब तपासून धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो. ज्या संस्थेचा कारभार मुख्यतः सरकारी पैशावर चालतो, ती माहितीच्या अधिकारातही येते, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये सांगितलं आहे. परदेशी देणग्यांची बरीच माहिती गृहमंत्रालयानं २०२२ मध्ये संकेतस्थळावरून काढून टाकली. म्हणून संस्थेलाच तोंडावर विचारायचं. नोंदणी क्रमांक काय? मागच्या वर्षी सगळ्यात जास्त पैसा कुणी दिला? तो देणारा या प्रकरणात कुठल्या बाजूला आहे? निवडणुकीला उभं राहायचा विचार आहे का? असेल तर काही पाप नाही, पण आधी सांगा. चांगल्या संस्थेला या प्रश्नांचा राग येत नाही. उलट ती पुढच्या वेळी ताळेबंद घेऊनच येते.

आणि हेच प्रश्न प्रकल्पाच्या बाजूनं येणाऱ्या साहेबांनाही विचारायचे, तितक्याच शांतपणे. पुढच्या बैठकीला कुणी निवेदन घेऊन आलं, तर चहा जरूर ठेवा. चहा उकळेपर्यंत एवढं विचारून होतं.